आजारी गिरणी आणि मावळचे घर

शिवचरित्राच्या वाचकांस भोर व वेल्हे या मुलखाची नव्याने ओळख करून देण्याचे कारण नाही. रोहिडखोरे, हिरडस मावळ, गुंजण मावळ, कानदखोरे ही नावे ज्याने वाचली आहेत, त्यास तोरणा, राजगड व रोहिडा यांच्या पायथ्याची गावे सहज डोळ्यांपुढे आणता येतात. (वेल्हे तालुक्यास राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली घेतला, आम्ही मात्र येथे लोकांच्या तोंडी रुळलेले जुने नावच चालविले आहे.) परंतु मावळे गडावरून खाली उतरल्यानंतर पुढे त्यांच्या वंशजांनी पोट कसे भरले, हा प्रश्न आमचे इतिहासकार सहसा विचारीत नाहीत. त्याचे उत्तर बखरींत सापडावयाचे नाही. ते परळ-लालबागेच्या चाळींत, गावकीच्या गाळ्यांत आणि पोस्टाच्या मनिऑर्डरीच्या पावत्यांत शोधावे लागते.

आमचे बालपण भोरात गेले. त्या काळी डोंगराकडच्या गावांत पैसा दोन वाटांनी येई. एक भाताची आणि दुसरी मुंबईची. भाताची वाट पावसावर अवलंबून, मुंबईची गिरणीच्या भोंग्यावर. घरात दोन भाऊ असले तर एकाने औत धरावे व दुसऱ्याने मुंबईस जाऊन साचे सांभाळावे, अशी वाटणी कोणी न सांगता होत असे. शिमग्यास व गणपतीस मुंबईकर येत, चार-आठ दिवस राहत आणि पुन्हा एस्.टी.त बसत. १९८२ सालच्या शिमग्यास ते आले ते नेहमीपेक्षा अधिक संख्येने, आणि पौर्णिमा उलटली, पाडवा होऊन गेला, तरी परत निघाले नाहीत. आम्हां मुलांस प्रथम त्याची मौज वाटली. आट्यापाट्यांस गडी भरपूर मिळू लागले. पुढे मृगाचे पाणी पडले तेव्हा ज्यांनी दहा-पंधरा वर्षे नांगराच्या रुमण्यास हात लावला नव्हता असे पुरुष आपल्या धाकट्या भावाच्या शेतात अवघडल्यासारखे उभे राहिलेले आम्ही पाहिले. पोस्टमनची पिशवी हलकी झाली आणि वाण्याची वही जड झाली. मुंबईत त्या वर्षी १८ जानेवारीस गिरण्यांचा संप सुरू झाला होता, त्यात सुमारे अडीच लक्ष कामगार होते, एवढे आम्हांस ठाऊक होते; त्याचा अर्थ मात्र कळावयास पुष्कळ वर्षे जावी लागली.

गिरण्या बुडत असता सरकारने काहीच केले नाही, असे आज सर्रास बोलले जाते. बोलावयास ते सोपे आहे, पण खरे नाही. मुंबई राज्याने, व पुढे महाराष्ट्र राज्याने, उद्योग बंद पडून लोक बेकार होऊ नयेत म्हणून जितके कायदे केले, जितका पैसा ओतला आणि जितक्या गिरण्या स्वतःच्या अंगावर घेतल्या, तितके करणारी राज्ये हिंदुस्थानात थोडीच आढळतील. विचारावयाचा प्रश्न वेगळा आहे. सरकारने वाचविले ते कोणास? आणि जे वाचले नाहीत त्यांचा भार कोणी वाहिला? या प्रश्नाची दिशा आम्हांस ग्रंथालयात सापडण्याच्या पुष्कळ आधी वेल्ह्याच्या वाटेवर सापडली होती, असे आता वाटते.

दख्खनच्या सरकारास बेकारीची पहिली ओळख झाली ती गिरणीमुळे नव्हे, दुष्काळामुळे. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने पुणे, सातारा, सोलापूर या जिल्ह्यांची जी दैना केली तिच्यातून १८८० चे फॅमिन कमिशन निघाले आणि त्यातून प्रांतोप्रांतीचे दुष्काळी नियम सिद्ध झाले. त्या नियमांचा गाभा एकाच वाक्यात सांगता येईल: जो कोणी कामास येईल त्यास काम द्यावे व जगण्यापुरती मजुरी द्यावी. तो कोणाचा नोकर होता, त्याचा धनी बुडाला की तरला, हे विचारण्याचे प्रयोजन नव्हते. खडी फोडावयास आलेला मनुष्य हाच त्या व्यवस्थेचा एकांक होता. ती व्यवस्था कृपण होती, कठोर होती, आणि तिच्या मजुरीवरून त्या काळी पुण्यातील लोकनायकांनी सरकारशी कडाक्याचे वाद घातले. तथापि तिचे तत्त्व स्वच्छ होते.

भोर त्या वेळी पंतसचिवांचे संस्थान होते. सुमारे ९२५ चौरस मैलांचा हा डोंगराळ मुलूख. १९०१ च्या शिरगणतीत लोकसंख्या १,३७,२६८ भरली, आणि ती मागील दहा वर्षांच्या मानाने शेकडा १२ ने घटलेली होती. प्लेग आणि दुष्काळ यांनी माणसे मारली हे खरे, पण कित्येक निघूनही गेली असली पाहिजेत, कारण मुंबईची वाट तोवर सर्वांस माहीत झाली होती. शेजारच्या संस्थानांत याच सुमारास उद्योगाची पेरणी होत होती. कोल्हापुरास शाहू महाराजांनी १९०६ साली कापडाची गिरणी काढली. औंधाच्या आश्रयाने १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. भोराच्या वाट्यास तळे आले. निरेच्या डाव्या कालव्यास पाणी पुरविण्याकरिता इंग्रज सरकारने भाटघरास धरण बांधले, आणि १९२० च्या दशकात त्याच्याच खालच्या अंगास लॉइड धरण उभे राहिले तेव्हा जुने धरण त्याच्या पाण्यात बुडाले. पाणी बारामती, फलटण, माळशिरस या बाजूस उसाकडे गेले. पुढे वेल्ह्याकडे पानशेत व वरसगाव झाली, त्यांचे पाणी पुण्यास गेले. पाणी खाली जाते हा निसर्गनियमच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु खोऱ्यातील सपाट भातखाचरे तेवढी पाण्याखाली जातात आणि उताराची वरकस तेवढी मागे राहते, हेही त्याबरोबरच लक्षात ठेविले पाहिजे. वरकसावर नाचणी-वरी पिकवून चौघांचे घर चालत नाही. म्हणून पाचवा मुंबईस जावयाचा.

१९२९ साली नेमलेल्या आणि १९३१ साली अहवाल दिलेल्या व्हिटले कमिशनने हिंदी कामगाराचे हे खेड्याशी असलेले नाते फार बारकाईने पाहिले. कमिशनचा अभिप्राय असा पडला की हे नाते तोडू नये, उलट ते टिकवावे व त्यास नियमित रूप द्यावे. आजारपणात, म्हातारपणात, बेकारीत कामगारास जावयास घर असते, ही गोष्ट त्यांस हितकर वाटली. ती हितकर होतीच. परंतु तिचा दुसरा अर्थ असा की, ज्या संकटाकरिता विलायतेत १९११ साली विम्याचा कायदा करावा लागला, त्याकरिता येथे काही करण्याची निकड उरली नाही. तेथे प्रथम काही ठराविक धंद्यांतील सुमारे साडेबावीस लक्ष कामगारांस बेकारीचा विमा लागू झाला, आणि तो १९२० साली बहुतेक सर्व धंद्यांस लावला गेला. त्या विम्याचे पुस्तक कामगाराच्या नावाचे असे. कारखाना बंद पडला तरी पुस्तक त्याच्याच हाती राही. आमच्याकडे १९४८ साली राज्य विमा योजनेचा कायदा झाला, तोही आजार, बाळंतपण व कामावरील इजा यांपुरता. कामगार आजारी पडला तर विमा. गिरणी आजारी पडली तर कामगाराने कोठे जावे, याचे उत्तर कोणत्याही कायद्यात लिहिलेले नव्हते. न लिहिता ते सर्वांस ठाऊक होते. त्याने गावी जावे. बेकारीच्या विम्याची आमच्या सरकारची जी काही योजना होती ती म्हणजे भोर, वेल्हे, जावळी, पाटण, संगमेश्वर. आणि तिचे हप्ते भरीत होती ती तेथील घरे.

गिरणी आजारी पडण्याचा पहिला मोठा प्रसंग स्वातंत्र्यानंतर लवकरच आला, आणि तो मुंबईत न येता सोलापुरास आला. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी, जिला सोलापूरकर जुनी गिरणी म्हणत, ती १८७७ पासून चाललेली. १९४९ च्या ऑगस्ट अखेरीस तिच्या चालकांनी ती बंद केली. ज्या शहराचे अर्धे जीवन गिरणीच्या घड्याळावर चालत असे, तेथे याचा परिणाम काय झाला असेल तो वाचकांनीच कल्पावा. १९५० च्या जानेवारीत केंद्र सरकारने वटहुकूम काढून कंपनीचे संचालक व मॅनेजिंग एजंट यांस दूर सारले आणि कारभार सरकारनियुक्त संचालकांच्या हाती दिला. घटना अमलात येऊन वर्ष झाले नाही तोच हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे उभे राहिले. चिरंजीतलाल चौधरी या भागधारकाचा अर्ज १९५० च्या डिसेंबरात फेटाळला गेला. पण द्वारकादास श्रीनिवास यांच्या दाव्यात १९५३ साली न्यायालयाने उलट निर्णय दिला. मोबदला न देता मालमत्ता हिरावून घेतल्यासारखेच हे झाले, असे ठरले. त्यावर संसदेने १९५५ साली चौथी घटनादुरुस्ती करून व्यवस्थापन तात्पुरते ताब्यात घेण्याच्या कायद्यांस संरक्षण दिले. वकिली शिकणारे विद्यार्थी हे खटले भागधारकाच्या हक्कांकरिता वाचतात आणि ते योग्यच आहे. आम्हांस त्यांत एक निराळीच गोष्ट दिसते. सर्व युक्तिवाद मालक, भागधारक व सरकार या तिघांत चालला आहे. ज्यांच्या बेकारीसाठी वटहुकूम निघाला ते कामगार कारणापुरते येतात आणि पुढे दिसत नाहीत.

सोलापूरच्या अनुभवानंतर मुंबई सरकारने स्वतःचे हत्यार घडविले. तेच १९५८ चे मुंबई रिलीफ अंडरटेकिंग्ज ॲक्ट. राज्य तेव्हा द्विभाषिक होते, यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री होते. या कायद्याच्या नावातील 'रिलीफ' हा शब्द वाचकांनी नीट न्याहाळावा. तो सरळ दुष्काळाच्या परिभाषेतील आहे. दुष्काळात जसे रिलीफचे काम निघते तशी बंद पडू पाहणारी गिरणी हेच रिलीफचे काम समजावे, आणि बेकारी टाळण्याचा किंवा तिचे निवारण करण्याचा उपाय म्हणून सरकारने ती चालवावी किंवा चालविण्यास पैसा द्यावा, अशी ही कल्पना. आम्हांस ती प्रथमदर्शनी फार आवडली. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीचे दुष्काळी तत्त्व शहरात आले, असा आनंद वाटला. मूळ कलमे वाचावयास घेतली तेव्हा तो आनंद टिकला नाही.

कायद्याची रीत अशी होती. सरकारने एखाद्या उद्योगास अधिसूचनेने रिलीफ अंडरटेकिंग म्हणून जाहीर करावे. ती मुदत एका वेळी बारा महिन्यांहून अधिक नसावी, पण फिरून वाढविता यावी. त्या मुदतीत त्या उद्योगावरील पूर्वीची देणी, करार व जबाबदाऱ्या सरकारास तहकूब करता येत; त्यांवरील दावे जेथल्या तेथे थांबत. येथवर ठीक. आजाऱ्याच्या दारात सावकारांनी धरणे धरले तर त्यास औषध कोण पाजणार? परंतु त्याच कलमाने औद्योगिक संबंध व औद्योगिक विवाद यांविषयीचे कामगारांचे कायदेही त्या उद्योगापुरते दूर ठेवण्याची मुभा सरकारास मिळाली. आणि पूर्वीची देणी म्हणजे केवळ कापूसवाल्याचे व बँकेचे देणे नव्हे. थकलेला पगार, थकलेला बोनस, न भरलेला प्रॉव्हिडंट फंड हीही गिरणीची पूर्वीची देणीच होत. गिरणीच्या सावकारांच्या रांगेत उभा असलेला सर्वांत गरीब सावकार म्हणजे तिचा कामगार. आणि त्याच्याच नावाने काढलेल्या कायद्याने त्यासही इतरांबरोबर दाराबाहेर थांबविता येई. दुष्काळी नियमांत एकांक मनुष्य होता. १९५८ च्या कायद्यात तो एकांक गिरणी झाला. शब्द आला, तत्त्व मागे राहिले.

येथे न्यायालयांस त्यांचे श्रेय दिले पाहिजे. ज्यांनी कामगारांच्या फंडाची रक्कम भरली नव्हती अशा अहमदाबादच्या एका गिरणीच्या संचालकांनी या कायद्याचे कवच स्वतःच्या अंगावर ओढून पाहिले, तेव्हा १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने ते काढून घेतले. हे संरक्षण उद्योगास आहे, संचालकांच्या वैयक्तिक जबाबदारीस नाही, असा निर्वाळा मिळाला. गिरणी वेगळी व गिरणीवाले वेगळे, हे निदान एका ठिकाणी तरी लिहून ठेविले गेले.

कायद्यापाठोपाठ महामंडळ आले. १९६६ साली महाराष्ट्र राज्य वस्त्रोद्योग महामंडळ स्थापन झाले आणि सोलापूरची नरसिंगगिरजी, कोल्हापूरची शाहू मिल अशा गिरण्या त्याच्याकडे आल्या. केंद्राचे राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळ १९६८ चे. १९७४ साली देशातील १०३ आजारी गिरण्या राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या, त्यांत मुंबईच्याही पुष्कळ होत्या. नागपूरची एम्प्रेस मिल जमशेटजी टाटांनी १८७७ च्या पहिल्या दिवशी सुरू केलेली. ती बुडाली तेव्हा १९८६ साली राज्याने खास कायदा करून ती संपादन केली. आम्ही या गिरण्यांची थट्टा करणाऱ्यांपैकी नव्हे. यंत्रे जुनी, कापूस महाग, कापडास गिऱ्हाईक नाही, भिवंडी व इचलकरंजीच्या यंत्रमागांशी स्पर्धा. तरीही या गिरण्यांनी नागपुरात, सोलापुरात व कोल्हापुरात हजारो चुली आणखी पंधरा-वीस, काही ठिकाणी पस्तीस वर्षे पेटत्या ठेविल्या. एका पिढीची मुले त्यांवर शिकली. हे थोडे काम नव्हे. शेवटी एम्प्रेस २००२ साली व शाहू मिल २००३ साली बंद झाली.

दुसरे हत्यार परवानगीचे. १९७६ साली औद्योगिक विवाद कायद्यात जे प्रकरण घातले गेले त्यान्वये तीनशे किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यास सरकारची पूर्वपरवानगी घेतल्यावाचून दार लावता येईना. महाराष्ट्र सरकारने ही परवानगी नाकारल्याचे प्रसिद्ध उदाहरण मुंबईच्या एक्सेल वेअर या कपडे शिवणाऱ्या संस्थेचे. तेथे सुमारे चारशे माणसे होती. सरकारने १९७७ साली नकार दिला. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने ते बंदीविषयक कलमच घटनाबाह्य ठरविले, आणि पुढे ते सुधारून पुन्हा घालावे लागले. दुकान उघडण्याच्या स्वातंत्र्यात ते बंद करण्याचे स्वातंत्र्य येते की नाही, हा वाद तत्त्वज्ञानाच्या वर्गात रंगण्याजोगा आहे. व्यवहारात मात्र परवानगी नाकारलेल्या कारखान्याचे दार उघडे राही आणि आतील वीज तुटे. कागदोपत्री कामावर असलेला व हाती पगार नसलेला असा कामगारांचा एक नवाच वर्ग त्यामुळे निर्माण झाला.

आता त्याच राज्याने त्याच वर्षांत केलेल्या दोन निराळ्या गोष्टी पाहाव्या. पहिली रोजगार हमी. वि. स. पागे यांनी १९६५ साली तासगाव तालुक्यात जिचा प्रयोग सुरू केला ती योजना १९७२ च्या दुष्काळात सर्व राज्यभर आली. १९७७ साली तिचा कायदा झाला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. जो प्रौढ मनुष्य ग्रामीण भागात अंगमेहनतीचे काम मागेल त्यास ते मिळण्याचा हक्क. दुष्काळी नियमांचे तत्त्व येथे आपल्या पूर्ण तेजाने परत आले, किंबहुना सरकारच्या कृपेचे ते कामगाराच्या हक्कात रूपांतरित झाले. त्यासाठी पैसा उभारला १९७५ च्या व्यवसाय करातून, म्हणजे मुख्यतः शहरांतील नोकरदार, व्यापारी व पगारदार यांच्याकडून. आणि जितका कर तितकीच भर सरकारने घालावयाची. म्हणजे मुंबईत साच्यावर उभ्या असलेल्या व ज्याचे वेतन करपात्र होते अशा वेल्ह्याच्या भावाच्या पगारातून कापलेल्या पैशांतून वेल्ह्यातील भावास नालाबंडिंगचे काम मिळावे, अशी ही रचना. याहून सुंदर काय हवे? तिच्यात उणीव एकच. भावांनी जागा बदलल्या तर ती चालत नसे. साच्यावरच्या भावाचे काम शहरात गेले तर शहरात त्यास मागावयास हक्क नव्हता. हक्काकरिता त्याने प्रथम गावकरी झाले पाहिजे, कुदळ घेतली पाहिजे, आणि वीस वर्षे सुताचा तुटलेला धागा डोळ्यांचे पाते लवते न लवते तोच जोडणारे आपले हात मातीस लावले पाहिजेत.

दुसरी गोष्ट माथाडींची. भोर-वेल्ह्याचे, जावळी-पाटणचे किती तरी लोक गिरणीत न जाता मुंबईच्या दाणाबंदरात, मशीद बंदरावर पाठीवर गोणी वाहत. त्यांस कायमचा धनी नव्हता, हजेरीपट नव्हता. गिरणीचा बदली कामगारही त्यांच्या मानाने सुखी म्हणावयाचा. अण्णासाहेब पाटील यांनी त्यांची संघटना बांधली आणि १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा केला. या कायद्याने एक विलक्षण साधी गोष्ट केली. कामगाराची नोंद व्यापाऱ्याकडे न ठेविता मंडळाकडे ठेविली. व्यापाऱ्याने मजुरी व तिच्यावरील आकार मंडळाकडे भरावयाचा, मंडळाने कामगारास द्यावयाचा. फंड, रजा, उपदान यांचा हिशेब मंडळाकडे. एक पेढी बुडाली तरी हमालाचे पुस्तक बुडत नाही. विलायतेच्या १९११ च्या विम्यातील जो मर्म तो आमच्याच सरकारने, आमच्याच मावळच्या हमालांकरिता, आपल्या अकलेने शोधून काढला होता. म्हणून १९५८ चा कायदा करणाऱ्यांस दुसरा मार्ग सुचण्याजोगा नव्हता असे जे समर्थन केले जाते, ते आम्हांस पटत नाही. सुचला तो अकरा वर्षांनी सुचला आणि तोही हमालांपुरताच ठेविला. गिरणी कामगारांकरिता असे मंडळ का निघाले नाही? आमच्या मते याचे कारण गिरणीला इमारत होती. इमारत दिसते, धुराडे दिसते, ते वाचविल्याचे समाधान होते. हमालांस इमारतच नसल्यामुळे कायदा करणाऱ्यांस मनुष्याकडे पाहणे भाग पडले.

१९८२ कडे पुन्हा येऊ. संप सुरू झाला त्याच आठवड्यात अंतुले पायउतार होऊन बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री झाले, आणि पुढील वर्षाच्या आरंभी त्यांच्या जागी वसंतदादा पाटील आले. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यान्वये एका धंद्यात एकच प्रातिनिधिक संघ. तो राष्ट्रीय मिल मजदूर संघ. लोक दत्ता सामंतांच्या मागे, कायदा संघाच्या मागे. सरकारने कायद्याची बाजू धरली. संप कोणी मागे घेतला नाही आणि तो कधी संपला याची तिथीही नाही. एवढा काळ तो चालला कसा, याचे आश्चर्य तेव्हाच्या वृत्तपत्रांनी पुष्कळ केले. भोरातील कोणत्याही वाण्यास विचारले असते तर त्याने सांगितले असते. गावोगावचे भात मुंबईस जात होते आणि मुंबईची माणसे भाताकडे येत होती. त्या दीड-दोन वर्षांत मावळाने संप पोसला आणि नकळत सरकारासही उसंत दिली. कारण ही अडीच लक्ष माणसे शहरातच उपाशी बसती तर कोणत्याही मुख्यमंत्र्यास बोलणी टाळता आली नसती.

१९८३ च्या ऑक्टोबरात केंद्राने मुंबईच्या तेरा गिरण्यांचे व्यवस्थापन ताब्यात घेतले. ज्यांना आत परत घेतले नाही त्यांची संख्या अनेक सहस्रांत गेली. १९८५ साली आजारी उद्योगांचा स्वतंत्र कायदा झाला, त्यांची नाडी पाहण्यास मंडळ बसले. पण या वेळेपर्यंत गिरणीत मौल्यवान अशी एकच वस्तू उरली होती आणि ती यंत्र नव्हे, जमीन. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने ती विकसित करावयाची तर स्थूलमानाने एक हिस्सा मोकळ्या जागेस, एक हिस्सा घरबांधणीकरिता म्हाडास व एक हिस्सा मालकास, अशी वाटणी सांगितली. २००१ साली नियम बदलला. वाटणी बांधकाम नसलेल्या मोकळ्या भूमीपुरतीच राहिली, आणि सार्वजनिक वाटा आक्रसला. २००६ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल उचलून धरला. गिरणी मरताना तिच्या अंगावरचे दागिने कोणास जावे, एवढाच वाद शेवटी राहिला होता.

म्हाडाने जी घरे बांधली ती २०१२ पासून सोडतीने वाटली जाऊ लागली. अर्ज दीड लक्षाच्या आसपास, घरे काही सहस्र. १ जानेवारी १९८२ रोजी वा त्यानंतर जो गिरणीच्या पटावर होता तो, किंवा त्याचे वारस, पात्र. पुरावा म्हणून गिरणीचा पास, तिकिटाचा क्रमांक, विम्याचे कार्ड, फंडाची चिठ्ठी यांपैकी काही दाखवावयाचे.

काही वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या अखेरीस आम्ही वेल्ह्याकडील एका वाडीत ओळखीच्या घरी गेलो होतो. घरातील आजोबा शिमग्यास येऊन परत न गेलेल्यांपैकी. "मास्तर, जरा हे बघा," म्हणून त्यांनी आम्हांपुढे पत्र्याची ट्रंक ओढली. तीत सातबाऱ्याच्या उताऱ्याखाली फडक्यात बांधलेला पास होता. कडा उंदरांनी खाल्लेल्या, छायाचित्र शाबूत. गिरणीचे नाव वाचता येत होते, तिकिटाचा क्रमांकही लागत होता. भरतीची तारीख मात्र पुसटली होती. ती कोणती असेल ते सांगा, म्हणून ते आमच्याकडे पाहत होते. आम्ही चष्मा काढून पास दिव्याजवळ नेला. सालातील शेवटचा आकडा एक की सात, ते काही केल्या लागेना. आजोबांनी सुनेस हाक मारून कंदील मोठा करावयास सांगितले.